ट्रॅव्हल ट्रेलरला जास्त भारक्षमतेचे टायर बसवताना

एखाद्या ट्रॅव्हल ट्रेलरला, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घराला, प्रत्येकी ३,५०० पौंड क्षमतेचे दोन एक्सल आणि एसटी २०५/७५ आर १४ या मापाचे, लोड रेंज (भारक्षमतेची श्रेणी) सी असलेले चार टायर बसवलेले असतील, तर हिशेब असा होतो: दोन्ही एक्सलची मिळून क्षमता ७,००० पौंड, आणि चार टायरची मिळून क्षमता ४ गुणिले १,७६०, म्हणजे ७,०४० पौंड. शिल्लक राहिले ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो, म्हणजे एक मोठी बादलीभर पाणी. कागदावर हा हिशेब बसतो. मात्र रस्त्यावर एका बाजूला थोडे जास्त सामान, हवा थोडी कमी आणि दुपारचे ऊन अशा तीन किरकोळ गोष्टी एकत्र आल्या, की तो बिघडतो. अमेरिकेतील आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या प्रवासी वाहनांच्या, उद्योगाच्या संघटनेने २०१७ पासून आपल्या सदस्य उत्पादकांसाठी टायरची क्षमता एक्सलच्या क्षमतेपेक्षा किमान १० टक्के जास्त असावी असा नियम केला. त्याआधीचे, आणि म्हणूनच आज सेकंडहँड बाजारात मिळणारे, पुष्कळ ट्रेलर मात्र अशा काठावरच्या टायरवर चाललेले आहेत.

त्यामुळे जास्त भारक्षमतेचे टायर घेण्याचा विचार योग्यच आहे. तो अमलात आणण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. ट्रेलरचा भार रबर उचलत नाही, टायरमधली दाबलेली हवा उचलते. एसटी २२५/७५ आर १५ हे माप घ्या. या मापाचा लोड रेंज सी टायर ५० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हवेच्या दाबाचे एकक) दाबाला २,१५० पौंड उचलतो, डी टायर ६५ पीएसआयला २,५४० पौंड आणि ई टायर ८० पीएसआयला २,८३० पौंड. आता याच ई टायरमध्ये ६५ पीएसआयच हवा भरली, तर तो २,५४० पौंडच उचलेल, म्हणजे डी टायरइतकाच. वरच्या श्रेणीच्या टायरची बांधणी जास्त दाब सहन करते, एवढाच फरक आहे. म्हणून हे काम केवळ चार टायर बदलण्याचे नाही. जास्त दाबाची हवा ज्या ज्या भागात कोंडली जाणार आहे, तो प्रत्येक भाग तपासण्याचे आहे.

आधी वजन, मग खरेदी

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे ट्रेलरच्या माहितीपत्रकातले रिकामे वजन धरून टायर निवडणे. त्या वजनात भांडीकुंडी, बॅटरी, गॅसच्या टाक्या, पाणी, सायकली यांतले बहुतेक काही नसते. ट्रेलर सहलीला निघताना भरतो तसा पूर्ण भरावा, ओढणाऱ्या गाडीला जोडावा आणि ट्रकच्या वजनकाट्यावर न्यावा. ट्रेलरची फक्त चाके काट्यावर असताना येणारा आकडा म्हणजे टायरवरचा खरा भार. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग हुकमार्फत पुढच्या गाडीवर जात असतो, तो या आकड्यात धरायचा नाही.

यानंतर जे पुष्कळ जण टाळतात, ते करावे. काटा रुंद असेल आणि आजूबाजूची जमीन त्याच्याच पातळीला असेल, तर चालकाची परवानगी घेऊन ट्रेलर असा उभा करावा, की एकाच बाजूची चाके काट्यावर राहतील. स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, बाजूला सरकून बाहेर येणारी खोली आणि पाण्याची टाकी एकाच बाजूला आली, की दोन्ही बाजूंत काही शे पौंडांचा फरक सहज पडतो. समजा, चाकांवरचे एकूण वजन ६,८०० पौंड आले. ७,०४० पौंडांच्या क्षमतेत ते बसते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण त्यातले ३,७०० पौंड डावीकडे आणि ३,१०० पौंड उजवीकडे असतील, तर डावीकडच्या प्रत्येक टायरवर १,८५० पौंड येतात आणि त्याची मर्यादा १,७६० पौंडांची आहे. एकूण बेरीज ठीक असूनही दोन टायर रोज प्रत्येकी ९० पौंड जास्तीचा भार वाहत असतात. टायर निवडताना सर्वांत जड बाजूचा आकडा धरावा, त्याला त्या बाजूच्या चाकांच्या संख्येने भागावे आणि त्यावर निदान १५ ते २० टक्के शिल्लक राहील अशी क्षमता शोधावी, असे माझे मत आहे. वरच्या उदाहरणात त्याच मापाचा लोड रेंज डी टायर, ज्याची क्षमता ६५ पीएसआयला २,०४० पौंड आहे, घेतला तर डावीकडे सुमारे १० टक्केच शिल्लक राहते. म्हणजे टायर बदलण्याबरोबरच थोडे सामान उजवीकडे हलवावे लागेल, किंवा मापच मोठे घ्यावे लागेल.

लेबल आणि साइडवॉल वाचणे

अमेरिकी नियमांप्रमाणे बनलेल्या ट्रेलरच्या डाव्या बाजूला, पुढच्या अर्ध्या भागात, बाहेरून दिसेल असे एक लेबल असते. त्यावर ट्रेलरचे कमाल एकूण वजन, प्रत्येक एक्सलची क्षमता, मूळ टायरचे माप, रिमचे माप आणि थंड असताना ठेवायचा हवेचा दाब दिलेला असतो. नवे टायर कितीही दणकट घेतले, तरी यातले वजनाचे आकडे तसूभरही वाढत नाहीत. एक्सल, कमानपाटे, ब्रेक, बेअरिंग आणि सांगाडा तेच राहतात. जास्त सामान भरता यावे म्हणून टायर बदलणारा माणूस टायरवरचा ताण एक्सलकडे ढकलतो, एवढेच.

आता टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, हातात बॅटरी घेऊन वाचावी. एसटी म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेला टायर, २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १५ हा इंचांतला रिमचा व्यास. त्यापुढे लोड रेंजचे अक्षर असते. जुन्या वर्गवारीत सी म्हणजे ६ प्लाय (थर), डी म्हणजे ८ आणि ई म्हणजे १०. हे आकडे आता फक्त ताकदीची पायरी दाखवतात. टायर कापून पाहिला तर आत तेवढे थर सापडणार नाहीत.

बऱ्याच टायरवर ११७/११२ अशी जोडीही लिहिलेली असते आणि तिच्यावरून हमखास गोंधळ होतो. पहिला आकडा एकेरी चाकाच्या भारक्षमतेचा, दुसरा दुहेरी चाकाच्या. दुहेरी म्हणजे मालट्रकच्या मागच्या एक्सलला असतात तशी, एकाच टोकाला एकमेकांना खेटून बसवलेली दोन चाके. ट्रॅव्हल ट्रेलरचे दोन एक्सल एकामागे एक असले, तरी प्रत्येक टोकाला चाक एकच असते, म्हणून पहिलाच आकडा आपला. या जोडीपुढचे अक्षर वेगमर्यादेचे असते: एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एम म्हणजे १३०, एन म्हणजे १४०. ज्या जुन्या एसटी टायरवर असे अक्षरच नाही, त्यांची मर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर, धरण्याचा प्रघात आहे. एन अक्षर आहे म्हणून ट्रेलर १४० ने ओढावा असा याचा अर्थ अर्थातच नाही. वेगाने उष्णता वाढते आणि टायरमधली भारक्षमतेची शिल्लक जशी उष्णता सोसायला उपयोगी पडते, तशीच वेगमर्यादेतली शिल्लकही पडते.

‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार अंक म्हणजे टायरची जन्मतारीख. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. ही पूर्ण ओळ कधी कधी एकाच बाजूच्या साइडवॉलवर असते, त्यामुळे बाहेरून दिसली नाही तर ट्रेलरखाली वाकून पाहावे. ट्रेलरचा टायर झिजून बाद होण्याआधी वयाने बाद होतो. खाचा नव्यासारख्या दिसत असल्या, तरी पाच-सहा वर्षांनंतर त्याच्यावर विसंबू नये. म्हणून दुकानात टायर बसवण्यापूर्वीच ही तारीख पाहावी आणि वर्षाहून जास्त काळ गोदामात पडून राहिलेला माल नम्रपणे परत करावा.

मोटारीचे किंवा पिकअपचे टायर चालतील का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मोटारीचे टायर ट्रेलरला लावायचे झाल्यास त्यांवर छापलेल्या क्षमतेला १.१ ने भागावे लागते, आणि मुळात त्यांची क्षमताच कमी असते. तो विषय तिथेच संपतो. हलक्या मालवाहू गाड्यांचे एलटी टायर ही खरी पर्यायी वाट आहे, मात्र अक्षरावर न जाता पौंड पाहावेत. एलटी २३५/८५ आर १६ आणि एसटी २३५/८५ आर १६ हे दोन्ही लोड रेंज ई, दोन्ही ८० पीएसआयचे. तरी पहिला ३,०४२ पौंड उचलतो आणि दुसरा ३,६४०. याचा अर्थ एलटी टायर कच्चा असतो असा नाही. तो जास्त राखीव धरून बांधलेला आणि जोखलेला असतो. जड ट्रेलरला १६ इंची एलटी टायर लावून समाधानी असलेले पुष्कळ लोक आहेत. १४ आणि १५ इंचांत मात्र योग्य क्षमतेचे एलटी टायर फारसे मिळत नाहीत, म्हणून नवशिक्याने एसटीच घ्यावेत.

रिम आणि व्हॉल्व्ह

या भागावर सर्वांत जास्त वेळ घालवावा, कारण टायरच्या दुकानातही तो पुष्कळदा निसटतो. एक चाक काढून जमिनीवर उताणे ठेवावे आणि रिमची आतली बाजू फडक्याने स्वच्छ पुसावी. तिथे रिमचे माप, कमाल भार आणि काही रिमवर कमाल दाबही ठोकलेला किंवा ओतलेला असतो. दाबाचा आकडा नसेल, तर रिमवरची खूण टिपून घेऊन उत्पादकाकडून तो लेखी मागवावा. समजा, रिम ६५ पीएसआयपर्यंतचाच निघाला. त्यावर ई टायर बसेल, दिसेलही छान. पण ६५ च्या वर हवा भरता येणार नाही, म्हणजे क्षमता डी टायरइतकीच मिळेल आणि पैसे मात्र ई चे जातील. अशा वेळी दोनच सरळ मार्ग राहतात: डी वर समाधान मानणे, किंवा रिमही बदलणे. रिम बदलताना नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास आणि चाक एक्सलपासून किती आत-बाहेर बसते ते अंतर, हे सगळे जुन्याशी जुळले पाहिजे.

मग व्हॉल्व्ह. रबरी, आतून ओढून बसवायचा साधा टीआर ४१३ जातीचा व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचा असतो. ८० पीएसआयच्या टायरला जास्त दाबाचा रबरी व्हॉल्व्ह किंवा, त्याहून बरा, नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह लागतो. दुकानदार सवयीने साधा व्हॉल्व्ह लावून मोकळा होतो आणि टायर बसल्यावर वरून फरक ओळखणे नवख्याला जमत नाही, म्हणून काम सुरू होण्याआधीच धातूचे व्हॉल्व्ह काउंटरवर मांडून दाखवायला सांगावे. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा लावणार असाल, तर धातूच्या व्हॉल्व्हला पर्याय नाही. टोकावर बसणाऱ्या सेन्सरच्या वजनाने रबरी नळी चाक फिरताना सतत वाकत राहते आणि बुडाशी चिरते.

मोठे माप घ्यायचे असल्यास जागा मोजणे

त्याच मापात वरची श्रेणी मिळत असेल, तर ही पायरी सोडून द्यावी. माप वाढवायचे असेल, तर आधी हिशेब करावा. एसटी २०५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ६८९ मिलिमीटर आणि एसटी २२५/७५ आर १५ चा सुमारे ७१९. म्हणजे टायरच्या वरची जागा १५ मिलिमीटरने घटेल, पण पुढच्या आणि मागच्या टायरमधली फट दोन्हीकडून मिळून ३० मिलिमीटरने घटेल. शिवाय रुंदीत वाढलेल्या २० मिलिमीटरपैकी निम्मे आत, सांगाड्याच्या आणि पाट्यांच्या दिशेने, जातात.

उभ्या ट्रेलरवर पट्टी लावून ही जागा कळत नाही, कारण खड्ड्यात पाटे दबतात आणि चाक वर येते. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. चाकावरच्या कोनाड्याच्या छताला, टायरच्या अगदी वर, मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचा जाड गोळा चिकटवावा, तो टायरला जवळजवळ टेकेल इतका खाली आणावा आणि भरलेला ट्रेलर नेहमीच्या खडबडीत रस्त्यावरून हळू फिरवून आणावा. दबून उरलेल्या मातीची जाडी म्हणजे चाक सर्वांत वर आले तेव्हाची फट. ती जाडी ४० मिलिमीटर भरली, तर १५ मिलिमीटर वाढल्यावर २५ उरतात. आणि हा रस्ता तुमच्या आयुष्यातला सर्वांत वाईट रस्ता नसणार, हे लक्षात ठेवावे. कोनाड्याच्या छतातून खाली आलेल्या स्क्रूंची टोकेही याच वेळी हाताने चाचपून पाहावीत. मी असा एक स्क्रू पाहिला आहे, ज्याने टायरच्या मधोमध पूर्ण वर्तुळाची रेघ ओढली होती.

बसवणे

टायर रिमवर चढवण्याचे आणि ८० पीएसआयपर्यंत हवा भरून बसवण्याचे काम दुकानातच करून घ्यावे. ते घरी करण्याजोगे नाही. चाक ट्रेलरला लावणे मात्र घरी जमते. जमीन सपाट असावी, ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडलेला असावा आणि पलीकडच्या बाजूच्या चाकांना पुढेमागे ठोकळे लावलेले असावेत. नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यावेत. जॅक एक्सलच्या नळीच्या मध्यभागी कधीही लावू नये; ती नळी वाकली, की चाकांची रेषा जाते आणि नवे टायर काही महिन्यांत एका कडेने खाऊन टाकते. उत्पादकाने दाखवलेल्या जागी, सामान्यतः सांगाड्याच्या तुळईखाली, जॅक लावावा आणि शेजारी भक्कम स्टँड ठेवावा. चाक काढलेच आहे, तर हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ऐकावी आणि चाक बसते तो हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून गंज काढावा.

पुष्कळ ट्रेलरचे चाक मधल्या भोकावर नव्हे, तर नटांच्या शंकूसारख्या टोकांवर मध्याला बसते. म्हणून सर्व नट आधी हाताने लावावेत, मग ताऱ्याच्या आकाराने, समोरासमोर उड्या घेत, आणि तीन टप्प्यांत आवळावेत. अर्ध्या इंची स्टडसाठी (नट ज्यावर फिरतो त्या आटेदार दांड्यासाठी) सामान्यतः पहिला टप्पा २० ते २५ फूट-पौंड, दुसरा ५० ते ६० आणि शेवटचा ९० ते १२०. नेमका आकडा आपल्या एक्सलच्या पुस्तिकेतून घ्यावा. यासाठी टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना, हवाच. हवेच्या बंदुकीने नट आवळू देऊ नयेत आणि पुस्तिकेत सांगितल्याशिवाय आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण वंगणामुळे पान्यावर तोच आकडा दिसत असताना स्टडवर कितीतरी जास्त ताण येतो. नवे चाक बसताना थोडे दबते, म्हणून पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांनंतर, म्हणजे साधारण १६, ४० आणि ८० किलोमीटरनंतर, थांबून प्रत्येक नट पुन्हा पान्याने तपासावा.

दाब किती ठेवावा

बाजूच्या लेबलावरचा दाब मूळ टायरसाठी होता. नव्या श्रेणीच्या टायरला तो लागू नाही. सर्वांत सोपा आणि सुरक्षित मार्ग म्हणजे साइडवॉलवर छापलेला, थंड अवस्थेतला कमाल दाब ठेवणे, अर्थात रिम आणि व्हॉल्व्ह तेवढ्याचे असतील तर. दोन एक्सलचा ट्रेलर वळताना त्याची चाके वाकत नाहीत, ती आडवी फरपटतात; या फरपटीने टायरच्या आतले पोलादी पट्टे एकमेकांवर घासतात आणि हवा कमी असेल तितके जास्त घासतात. ट्रेलरच्या टायरचा वरचा थर सालीसारखा सुटून येण्यामागे उष्णतेइतकेच हेही कारण असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ८० पीएसआयवर ट्रेलर कडक चालतो. कपाटांची दारे उघडतात, फळ्यांचे स्क्रू सैल होतात आणि सगळा हादरा पाट्यांच्या जोडकड्यांवर जातो. प्रत्येक टायरवर खरोखर २,१०० पौंडच येत असतील, तर एसटी २२५/७५ आर १५ च्या ई टायरमध्ये ६५ पीएसआय ठेवूनही २,५४० पौंडांची क्षमता, म्हणजे सुमारे २० टक्के शिल्लक, मिळते. ही सवलत मात्र ज्याने ट्रेलरच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या तोलल्या आहेत, त्यानेच आणि त्या टायरच्या उत्पादकाचा तक्ता पाहूनच घ्यावी. अंदाजाने हवा कमी करू नये.

दाब सकाळी, ट्रेलर हलण्यापूर्वी आणि चाकांवर ऊन येण्यापूर्वी मोजावा. या पातळीच्या दाबांत दर १० अंश सेल्सिअसला साधारण ३ पीएसआयचा फरक पडतो, म्हणून थंड गावातून उष्ण प्रदेशात उतरल्यावर दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजणे आवश्यक असते. चालून तापलेल्या टायरचा दाब छापील आकड्याच्या वर गेला म्हणून हवा सोडू नये; ती वाढ उत्पादकाने धरलेली असते आणि हवा सोडली तर टायर थंड झाल्यावर कमी दाबाचा होऊन बसतो.

पहिल्या प्रवासात तासाभराने थांबून चारही टायरच्या साइडवॉलला आणि हबच्या मध्याला हाताचा मागचा भाग जवळ नेऊन पाहावे, किंवा लांबून तापमान मोजणारे यंत्र वापरावे. उन्हाकडची बाजू थोडी जास्त गरम असणे स्वाभाविक आहे. त्याच बाजूच्या शेजारच्या चाकापेक्षा एकच चाक स्पष्टपणे जास्त तापले असेल, तर तिथे हवा कमी आहे, ब्रेक धरून राहिला आहे किंवा बेअरिंग बिघडले आहे. हब तापला असेल तर शेवटच्या दोन शक्यता आधी पाहाव्यात.

राहता राहिली स्टेपनी. चार नवे टायर घेताना पाचव्याचा खर्च वाचवण्याचा मोह होतो आणि मागच्या बंपरला टांगलेली स्टेपनी जुन्याच श्रेणीची, सात वर्षे ऊन खाल्लेली राहते. ती लावण्याची वेळ येईल तेव्हा ट्रेलर भरलेलाच असेल आणि तिला शेजारच्या टायरइतकाच भार उचलावा लागेल. म्हणून पाचवा टायर त्याच मापाचा आणि त्याच श्रेणीचा, धातूच्या व्हॉल्व्हसह घ्यावा, त्यातही तितकीच हवा भरावी, त्यावर ऊन रोखणारे आवरण घालावे आणि माप वाढवले असेल तर तो तिच्या टांगणीत बसतो की नाही, हे घरीच पाहून घ्यावे.